आधी उत्तर, मग प्रयोग

फेब्रुवारी जवळ आला की बारावी विज्ञानाचं मूल असलेल्या घरात एक वेगळीच धांदल सुरू होते. पाठ्यपुस्तक बाजूला पडतं आणि जर्नल पुढ्यात येतं. चार-पाच प्रयोग फेअर करायचे राहिलेले असतात. मैत्रिणीचं जर्नल एका रात्रीपुरतं मागून आणलेलं असतं, डावीकडच्या कोऱ्या पानांवर आकृत्या काढायला धाकट्या भावाला बसवलेलं असतं आणि आई दर तासाला विचारत असते, ‘‘अगं, सर्टिफाय कधी करून देणार आहेत मॅडम?’’ सर्टिफिकेटच्या पानावर सही-शिक्का नसला की प्रात्यक्षिक परीक्षेला अडवतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. त्या जर्नलात नेमकं काय लिहिलंय हे मात्र कुणी विचारत नाही. ज्यांनी ते तपासायचं तेही बहुतेकदा विचारत नाहीत, आणि खरी तक्रार तीच आहे.

राज्य मंडळाच्या बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांत 70 गुण लेखी परीक्षेला आणि 30 गुण प्रात्यक्षिकाला आहेत. कागदावर हे वजन काही कमी नाही. पण एमएचटी-सीईटी, जेईई किंवा नीटला बसणाऱ्याला कुणी ब्युरेट हातात धरायला सांगत नाही, त्यामुळे प्रवेशाच्या हिशेबात या 30 गुणांची किंमत नाममात्र उरते. क्लासच्या वेळापत्रकात प्रयोगशाळा बसत नाही. कॉलेजात नुसतं नाव घालून दिवसभर क्लासला जाण्याची पद्धत इतकी बोकाळली, की 2018 मध्ये राज्य सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. अंगठ्याच्या ठशानं मूल इमारतीत येईलही, पण ते लंबकापुढे उभं राहून दोलनं मोजेल याची हमी कोण देणार?

कुठल्याही कॉलेजातलं एखादं जर्नल उघडून साध्या लंबकाच्या प्रयोगाचं पान काढावं. लंबकाच्या साहाय्यानं गुरुत्व त्वरण, म्हणजे g काढण्याचा हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उद्देश, साहित्य, सूत्र, कृती असं सगळं जिथल्या तिथे असतं. निरीक्षणांच्या तक्त्यात दोऱ्याच्या पाच-सहा लांब्या आणि प्रत्येक लांबीपुढे 20 दोलनांना लागलेला वेळ असतो. शेवटच्या रकान्यात g येतो 9.80, 9.81, 9.79, 9.80. सरासरी 9.80. खाली ‘सावधगिरी’ म्हणून तीन ओळी असतात: पंखा बंद ठेवावा, कोन लहान असावा, दोरा न ताणणारा असावा. त्याखाली लाल शाईत बरोबरची खूण, सही, तारीख.

या पानाला पाच सेकंदांत शाबासकी मिळते. पाच मिनिटं दिली, तर ते पान उभंच राहत नाही.

एक मीटर लांबीच्या लंबकाला 20 दोलनांसाठी साधारण 40 सेकंद लागतात. घड्याळाचं बटण दाबताना माणसाच्या हाताची 0.2 सेकंदांची चूक सहज होते. म्हणजे वेळेत अर्ध्या टक्क्याची चूक. सूत्रात दोलनकालाचा वर्ग असल्यामुळे g मध्ये ती दुप्पट, म्हणजे एक टक्का होते. एक टक्का म्हणजे सुमारे 0.1. तेव्हा स्टॉपवॉच घेऊन प्रामाणिकपणे प्रयोग करणाऱ्याची उत्तरं 9.7, 9.9, 9.6, 9.8 अशी इकडे-तिकडे विखुरली पाहिजेत. सहाच्या सहा ओळी 9.79 ते 9.81 च्या आत बसत असतील, तर ते जर्नल लिहिणारी मुलगी एक तर फार निष्णात आहे, नाहीतर तिनं 9.8 हे उत्तर आधी लिहून त्यावरून वेळ काढला आहे. कॅल्क्युलेटर असला की उलट गणिताला दोन मिनिटंही लागत नाहीत. प्रयोगशाळेच्या बोलीत याला ‘रीडिंग बसवणं’ म्हणतात, आणि ते बोलताना कुणी आवाजही खाली करत नाही.

गंमत पुढेच आहे. 9.8 हा आकडा आपल्याकडचा नाहीच म्हटलं तरी चालेल. पुस्तकातला 9.80665 हा प्रमाण आकडा 1901 मध्ये पॅरिसला वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ठरवून दिला, आणि तो 45 अंश अक्षांशाच्या आसपासचा आहे. विषुववृत्ताकडे यावं तसा g कमी होतो, उंचीवर गेलं की आणखी थोडा कमी होतो. हे दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातच शिकवलेलं असतं. अक्षांशाचं सूत्र घालून हिशेब केला तर मुंबईत g साधारण 9.79 निघतो आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पुण्यात 9.78. स्टॉपवॉचच्या प्रयोगात हा फरक दिसणार नाही हे खरंच. पण ज्या ‘बरोबर’ उत्तरासाठी पुण्यातली मुलं इतकी धडपडतात, ते उत्तर पुण्याचं नसून कुठल्या तरी दूरच्या अक्षांशाचं आहे, एवढं तरी तपासणाऱ्यानं समासात लिहायला काय हरकत आहे?

लंबकाच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली नोंद अशाच एका ‘न बसलेल्या’ रीडिंगची आहे. झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ 1672 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तिथून विषुववृत्त जवळ. पॅरिसमध्ये नीट लावलेलं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. ते वेळेवर चालावं म्हणून त्याला लंबक तीनेक मिलिमीटरनं आखूड करावा लागला. उष्ण हवेनं दांडी लांबली असेल, अशी शंका तेव्हा घेतली गेली. पण रिशेनं आकडा होता तसा नोंदवला होता, आणि पुढे न्यूटननं 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त त्यावरून पृथ्वी ध्रुवांशी चपटी आणि विषुववृत्ताशी फुगीर असल्याचा युक्तिवाद मांडला. रिशेला आपल्याकडच्या प्रात्यक्षिकाला बसवलं असतं, तर ‘रीडिंग पुन्हा घ्या’ असा शेरा मारून त्याला परत पाठवलं असतं.

आता ज्या अहवालाला आपल्याकडे हमखास ‘चूक’ ठरवलं जातं, तो घेऊ. एखाद्या मुलाचा g 10.84 आला. शिक्षक पानावर आडवी रेघ ओढतात, ‘रिपीट’ लिहितात. शेजारचा मित्र कानात सांगतो, ‘‘अरे, 9.8 घेऊन उलटं कर ना!’’ प्रकरण तिथेच मिटतं. पण 10.84 हा आकडा बोलका आहे. आपल्याकडच्या g ला, म्हणजे 9.785 ला, 20 भागिले 19 च्या वर्गानं गुणून पाहा, नेमका 10.84 येतो. म्हणजे या मुलानं गोलक सोडतानाच ‘एक’ म्हटलं आणि वीस म्हणेपर्यंत प्रत्यक्षात एकोणीसच दोलनं झाली. मोजणी ‘शून्य’ पासून करायची असते, एवढंच त्याचं चुकलं. दुर्दैव असं, की त्यानं प्रयोग मनापासून केला होता. हात, डोळे, घड्याळ सगळं ठीक होतं, म्हणून तर उत्तर इतकं नेमकं चुकलं. अशा पानावर ‘रिपीट’ न लिहिता ‘पहिलं दोलन कधी मोजलंस?’ असा एक प्रश्न लिहिला असता, तर तो मुलगा मोजणं आयुष्यभरासाठी शिकला असता.

दुसरा अहवाल याहून रंगतदार. दोरा 100 सेंटिमीटर असताना g 9.64 येतो, आणि दोरा आखूड करावा तसा तो घसरत घसरत 50 सेंटिमीटरला 9.50 वर येतो. मुलगी सगळ्यांची सरासरी काढते, 9.57 लिहिते, आणि ‘मानवी चूक’ असं कारण देऊन मोकळी होते. मानवी चूक हा आपल्या जर्नलांतला सर्वांत आळशी शब्दप्रयोग आहे. तो कुठल्याही प्रयोगाखाली लिहिता येतो आणि त्यातून काहीच कळत नाही. या तक्त्यातली चूक मात्र एकाच दिशेनं चालली आहे, आणि एका दिशेनं चालणारी चूक कधीच योगायोगाची नसते. मुलीनं लांबी दोऱ्याच्या गाठीपर्यंत मोजली. गोलकाची त्रिज्या आणि वरची कडी मिळून दीड सेंटिमीटर होतं, ते धरायचं राहिलं. लांब दोऱ्यात दीड सेंटिमीटर झाकून जातं, आखूड दोऱ्यात ते उघडं पडतं.

याच आकड्यांचा आलेख काढला तर तो स्वतःच चूक दाखवून देतो. आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर दोलनकालाचा वर्ग. बिंदू सरळ रेषेतच येतात, पण रेषा शून्यातून न जाता आडव्या अक्षाला शून्याच्या दीड सेंटिमीटर डावीकडे छेदते. रेषेच्या चढावरून g काढावा, तर तो 9.78 ते 9.79 च्या घरात येतो! चूक होती, पण मोजमाप चांगलं होतं. आपल्याकडे होतं काय, तर पुस्तकात रेषा शून्यातून गेलेली दिसते म्हणून मुलगीही पट्टी शून्यावर टेकवते आणि रेषा ओढते. पेन्सिलीच्या एका रेघेनं साऱ्या प्रयोगातली सर्वांत मोलाची माहिती पुसली जाते. जर्नल तपासणाऱ्यानं फक्त आलेख पाहिला आणि ‘रेषा बिंदूंमधून काढ, शून्यातून नको’ एवढं लिहिलं, तरी तपासणीचं निम्मं काम झालं.

रसायनशास्त्राच्या टेबलावर वेगळं काही घडत नाही. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन घ्या. ऑक्झॅलिक आम्ल 60-70 अंशांपर्यंत तापवून घ्यावं लागतं. थंड राहिलं तर क्रिया रेंगाळते, द्रावण तपकिरी होतं आणि ब्युरेटचं रीडिंग वाटेल तसं भरकटतं. परमँगनेट गडद असल्यामुळे रीडिंग खालच्या वक्ररेषेवर न घेता वरच्या कडेवर घ्यायचं असतं. फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचं. एवढ्या खाचाखोचा ज्या प्रयोगात आहेत, त्यात आख्ख्या बॅचचं सी. बी. आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, सारखंच कसं येतं, याचं आश्चर्य कुणाला वाटत नाही. ‘तुझं किती आलं?’ हा प्रश्न त्या खोलीत इतक्या वेळा विचारला जातो, की शेवटी सगळ्यांना सगळ्यांचं येतं.

पण या सगळ्याचं खापर मुलांच्या माथी फोडणं हा अन्याय होईल. अपेक्षित उत्तराकडे झुकण्याचा मोह मोठमोठ्यांना झाला आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकननं तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला, त्याचा निबंध 1913 मध्ये आला आणि 1923 मध्ये त्याला नोबेल मिळालं. हवेच्या श्यानतेचा चुकीचा आकडा वापरल्यामुळे त्याचं उत्तर किंचित कमी आलं होतं. रिचर्ड फाइनमननं 1974 मध्ये कॅल्टेकच्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना पुढची गोष्ट सांगितली. मिलिकननंतरच्या संशोधकांची उत्तरं एकदम बरोबर आकड्यावर आली नाहीत. ती एकेक पायरी चढत, हळूहळू वर सरकली. कारण मिलिकनपेक्षा फार जास्त उत्तर आलं की संशोधक आपली चूक शोधायला बसत, आणि त्याच्या जवळचं आलं की फारसं तपासत नसत. नोबेलविजेत्याच्या आकड्याचा दबाव संशोधकांनाही झुगारता आला नाही, तिथे पाठ्यपुस्तकाच्या आकड्यापुढे सतरा वर्षांच्या मुलानं काय करावं? फरक एवढाच, की विज्ञानात पुन्हा पुन्हा तपासणारे असतात. आपल्या जर्नलाला एकदाच सही होते, आणि तीही शेवटी.

म्हणून तपासणीची पद्धतच बदलायला हवी. अहवाल तपासायचा तो मुलाला परत देऊन त्याच्याकडून सुधारून घेण्यासाठी, आणि तो सुधारून येईपर्यंत त्यावर गुण टाकायचे नाहीत. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण आज होतं ते बरोबर याच्या उलट: शेरा आणि गुण एकाच वेळी पडतात आणि मूल गुण पाहून पान उलटतं. इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी 1988 मध्ये शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास शिक्षणक्षेत्रात प्रसिद्ध आहे. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. सुधारणा झाली ती नुसता शेरा मिळालेल्या मुलांची. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. गुणांचा आकडा समोर असला की शेजारचं वाक्य वाचलं जात नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही वर्गशिक्षिकेला संशोधनाशिवायही माहीत आहे.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात याच दिशेचा एक प्रयोग झाला, आणि तो नेमका लंबकावर होता. नताशा होम्स, कार्ल वीमन आणि डग बॉन यांनी तो 2015 मध्ये प्रसिद्ध केला. वीमन हे 2001 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यांनी सांगितलं, की 10 अंशांवरून आणि 20 अंशांवरून लंबक सोडा आणि दोन्ही दोलनकाल ताडून पाहा. पुस्तक सांगतं, दोन्ही सारखेच. पहिल्या खेपेला ते सारखेच वाटतात. मग त्यांना म्हटलं, मोजमाप आणखी चांगलं करा आणि पुन्हा ताडा. मुलांनी जास्त दोलनं मोजली, जास्त वेळा मोजली, आणि अर्ध्या टक्क्याहून किंचित मोठा फरक डोळ्यांपुढे उभा राहिला. पुस्तकातला नियम लहान कोनांपुरताच ठीक आहे, हे त्यांना स्वतःच्या आकड्यांतून कळलं. मोज, ताडून पाहा, सुधार, पुन्हा मोज, अशी सवय लागलेली ही मुलं आपली पद्धत आपणहून सुधारण्याच्या बाबतीत आधीच्या वर्षीच्या मुलांपेक्षा बारापट पुढे निघाली. त्यांना सुधारायला वेळ दिला होता, आणि ‘बरोबर उत्तर’ कुणी विचारत नव्हतं.

आपल्या जर्नलात ‘कोन लहान असावा’ ही ओळ पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाते. किती लहान? मोठा ठेवला तर काय होतं? विचारून बघावं एखाद्या व्हायव्हात.

यावर शिक्षकांचं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते खोटं नाही. शंभर मुलं, प्रत्येकाचे दहा प्रयोग, म्हणजे हजार अहवाल. एकेकाला पाच मिनिटं द्यायची म्हटली तरी 83 तास होतात, तेही एका वाचनाचे. वर अभ्यासक्रम, पेपर तपासणी, निवडणुकीचं काम. लॅब असिस्टंटची जागा रिकामी. सात मुलांत एक स्टॉपवॉच. अशा परिस्थितीत ‘प्रत्येक अहवालावर संवाद साधा’ म्हणणं म्हणजे हवेत गोळ्या झाडणं. म्हणून सुटसुटीत मार्ग असा, की सगळे अहवाल तपासूच नयेत. दहापैकी आठ प्रयोगांचं फेअर जर्नल बंद करावं. मुलानं प्रयोगशाळेतच, पेनानं, निरीक्षणं वहीत लिहावीत. चुकलं तर एका रेघेनं खोडावं, खोडरबर नको. आणि त्याच दिवशी शिक्षकांनी त्या कच्च्या पानावर सही करावी. त्याला दहा सेकंद लागतात. उरलेल्या दोन प्रयोगांचे पूर्ण अहवाल लिहावेत, शिक्षकांनी ते वाचून प्रश्न लिहावेत आणि मुलांनी ते दुसऱ्यांदा लिहावेत. शंभर मुलांचे दोनशे अहवाल, दोन वेळा वाचून, सव्वातेहेतीस तास. आजच्या सही-शिक्क्याच्या वेठबिगारीपेक्षा हे जास्त आहे, पण त्या 83 तासांच्या निम्म्याहूनही कमी.

कच्च्या पानाचा आग्रह आणखी एका कारणानं धरायला हवा. तयार जर्नल बाजारात मिळतं, पैसे घेऊन लिहून देणारे मिळतात, आणि आता चॅटजीपीटीला सांगितलं तर तो लंबकाचा तक्ताही भरून देतो, वर थोडी ‘नैसर्गिक’ चूकही घालून देतो. सुबक अक्षराचं फेअर जर्नल आता कशाचाच पुरावा राहिलेलं नाही. प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, पाण्याचा डाग पडलेल्या पानावर घाईत लिहिलेले आकडे अजून तरी कुणाला विकत घेता येत नाहीत.

भाषेचा अडसर वेगळाच आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल अकरावीला विज्ञान शाखेत येतं आणि बहुतेक ठिकाणी सगळं एकदम इंग्रजीत सुरू होतं. त्याला काय दिसलं ते त्याला सांगता येतं, पण इंग्रजीत लिहिता येत नाही. मग ते मागच्या वर्षीच्या जर्नलातली वाक्यं जशीच्या तशी उतरवतं. नकलेचा बराचसा भाग असा नाइलाजाचा आहे. ‘दोरा आखूड केला तसा g कमी होत गेला, असं का झालं ते कळलं नाही’ हे मराठी वाक्य कुठल्याही उसन्या इंग्रजी निष्कर्षापेक्षा विज्ञानाच्या जास्त जवळ आहे. निरीक्षण आणि निष्कर्ष मराठीत लिहिण्याची मोकळीक मंडळानं दिली, तर नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत असंख्य मुलांचा हात मोकळा होईल.

मुलांनी स्वतः प्रयोग करून स्वतःचे आकडे नोंदवणं आपल्या भागात कधी झालंच नाही असंही नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये 16 शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातली मुलं स्वतः प्रयोग करत, स्वतः आकडे नोंदवत आणि वर्गात एकमेकांशी वाद घालत. त्यांच्या परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकही असे. सरकारनं 2002 मध्ये तो बंद करेपर्यंत तो शेकडो सरकारी शाळांत पोचला होता. महाराष्ट्रात सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाची फेरी असते. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडच्या 50 गुणांपैकी 20 गुण प्रयोगाला आहेत, आणि भारतीय संघाची तयारी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते. तिथे पोचलेल्या मुलाला चुकीची मर्यादा काढल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे शिकावं लागतं. प्रश्न फक्त एवढाच आहे, की हे शिकायला ऑलिम्पियाडपर्यंत का पोचावं लागावं?

मुंबई-पुण्याच्या महागड्या शाळांत आयबीचा अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलाला ही संधी मिळतेच. त्याच्या विज्ञान विषयात 20 टक्के गुण स्वतः आखलेल्या एका प्रयोगाच्या अहवालाला असतात, आणि शिक्षकांनी त्याचा एक मसुदा वाचून सूचना द्यायच्या, मग मुलानं तो सुधारून अंतिम करायचा, असा नियमच आहे. एकच प्रयोग, एक मसुदा, एक सुधारणा. यात महाग असं काय आहे? जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलालाही लाल पेन आणि अर्धा तास मिळाला पाहिजे, एवढंच.

शिक्षकांच्या हाती गुण दिले की ते सैलावतात, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. इंग्लंडला तो अनुभव आला, आणि 2015 पासून तिथे ए-लेव्हलच्या प्रात्यक्षिकाचा शेरा मुख्य श्रेणीपासून वेगळा काढला. किमान 12 प्रयोग केल्याचा उत्तीर्ण-अनुत्तीर्ण शेरा वेगळा, आणि प्रयोगाच्या समजेवरचे प्रश्न लेखी परीक्षेत. आपल्याकडे बहुतेक मुलांना तीसपैकी अठ्ठावीस पडतात आणि त्याची कुणाला खंत नाही, तेव्हा गुण सैल होतील ही भीती दाखवून सुधारणा अडवणं जरा हास्यास्पदच ठरतं. तरीही मार्ग निघू शकतो. बाहेरून येणाऱ्या परीक्षकानं फेअर जर्नल चाळण्याऐवजी सही केलेलं कच्चं पान मागावं आणि त्यातल्या एखाद्या विचित्र आकड्यावर बोट ठेवून विचारावं, ‘‘हा असा का आला?’’ ज्यानं प्रयोग केला असेल तो चार वाक्यं बोलेल. दुसऱ्याच्या वहीतून उतरवणाऱ्याला त्या आकड्याची आठवणही नसेल.

हे करायचं तर परीक्षकांना आधी सांगावं लागेल, की 9.8 न आल्याचे गुण कापू नका. 9.6 अधिक-उणे 0.2 असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या, आणि कॅल्क्युलेटरवरचे सगळे अंक उतरवून 9.80346215 लिहिणाऱ्याला विचारा, बाबा रे, हे शेवटचे सहा अंक कुठल्या घड्याळानं मोजलेस? येत्या जूनमध्ये अकरावीच्या पहिल्याच बॅचला लंबक द्यावा, पहिला मसुदा ऑगस्टमध्ये घ्यावा, शिक्षकांच्या प्रश्नांसह गणपतीआधी परत करावा, दुसरा दिवाळीच्या सुट्टीनंतर. दोन्ही मसुदे आणि मधलं प्रश्नांचं पान एकत्र टाचून ठेवावं आणि बारावीच्या प्रात्यक्षिकाला परीक्षकांपुढे तेच मांडावं.